शिरीषचा फ्रेंचचा तास

सुषमाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होतो. तिथं रेंज जाते. त्यामुळे पहिल्यांदा मला "शिरीष" आणि "शाळेत" एवढे दोनच शब्द ऐकू आले आणि मी वैतागून म्हणालो, "अगं, आता काय केलं त्यानं शाळेत?" हे वाक्य मला आयुष्यभर पुरणार आहे. वरच्या मजल्यावर दार उघडलं, आवाज नीट यायला लागला, तेव्हा कळलं की शिरीष गेला. सकाळच्या ब्रेकमध्ये, स्टाफरूममधल्या खुर्चीत, चहा पिता पिता. आणि ती शाळाही त्याची नव्हती. कुणीतरी आजारी पडलं म्हणून एजन्सीनं एका दिवसापुरता पाठवलेला तो बदली शिक्षक होता. बाहेरच्या माणसाला इथं लंडनच्या शाळा गळ्यात घालायला पास देतात. त्याच्या पासवर मोठ्या अक्षरांत 'व्हिजिटर' असं लिहिलं होतं. बावीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस शाळेत पाहुणा म्हणून गेला...

त्याला आता सात आठवडे झाले. लोक म्हणतात, लिही, मोकळं वाटेल. मोकळं वगैरे काही वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला राग आलाय. तो नेमका कुणावर, हे ठरवता येत नाही म्हणून आणखी राग येतो. शिरीषवर तर आहेच. ज्या गोष्टीसाठी त्यानं माझ्याशी कडाडून भांडायला हवं होतं, त्या गोष्टीबद्दल हा माणूस अवाक्षर न काढता निघून गेला.

आमची ओळख एजवेअरच्या एका भाजीच्या दुकानात झाली. मेथीची शेवटची जुडी होती आणि दोघांनी एकदमच तिच्याकडे हात नेला. मी सवयीनं "सॉरी" म्हटलं. त्यानं माझ्या पिशवीतून डोकावणारं भाजणीचं पाकीट पाहिलं आणि म्हणाला, "मराठी का? मग अर्धी अर्धी करू ना बापा." नागपूरचा होता. त्याची बायको सुषमा भूल देणारी डॉक्टर. ती इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला आली आणि तिच्या मागोमाग हा. नागपुरात असताना हौस म्हणून संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकला होता, इथं येऊन त्यानं शिक्षकाचं रीतसर ट्रेनिंग घेतलं आणि स्टॅनमोरजवळच्या एका सरकारी शाळेत फ्रेंच शिकवायला लागला. मराठी माणूस, इंग्लंडात, आणि फ्रेंच! कुणीही हसायचं. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "इंग्रजांना इंग्रजी शिकवायला आलो होतो, ते नको म्हणाले." मी पुण्याचा, कॉमर्सचा, बँकेत आकड्यांत काम करणारा. भाषा हे माझ्या लेखी बोलण्याचं साधन, बोलून झालं की संपलं. तरी आमची दोस्ती जमली. दर रविवारी कुणाच्या तरी एकाच्या घरी जेवण, आणि जेवणानंतर त्याचं बोलणं.

एकदा तो मला हट्टानं एक फ्रेंच सिनेमा दाखवायला घेऊन गेला. त्या सिनेमाला तिकडचं मोठं पारितोषिक मिळालं होतं आणि मध्य लंडनमधल्या एका छोट्याशा थिएटरात तो लागला होता. सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याचा उच्चार शिरीषनं माझ्याकडून किमान शंभर वेळा करून घेतला आणि मला तो एकदाही जमला नाही. देवनागरीत चुकीचा लिहिला तर तो वरून ओरडेल. सिनेमात एक शाळा, एक वर्ग, एक पन्नाशीच्या बाई आणि एक वर्ष. बस. वर्गाबाहेर कॅमेरा जातच नाही म्हणा ना. एका प्रसंगात एक मुलगी फळ्यासमोर उभी राहते, हातात खडू. ती काही लिहीत नाही. बाई काही बोलत नाहीत. मागची पोरं आधी हसतात, मग हसायची थांबतात, आणि तरी बाई काही बोलत नाहीत. इतका वेळ, की मला वाटलं सिनेमा अडकला. मी शिरीषच्या कानात म्हणालो, "अरे, जाऊन सांगायला पाहिजे त्यांना." तो इतक्या मोठ्यानं हसला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागं वळून पाहिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दोन तास नुसता वर्ग! काही घडतच नाही." तो फुटपाथवर थांबला. अगदी गंभीर होऊन म्हणाला, "घडून राहिलं होतं ना, हेमंत. तू पाहून नाही राहिला."

त्या सिनेमानं त्याला झपाटलं. त्याची डीव्हीडी आणली. दर उन्हाळ्यात, टर्म संपायच्या सुमारास, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तो हा सिनेमा दाखवायचा. पण अख्खा नाही. दहा मिनिटं दाखवायचा, थांबवायचा आणि फ्रेंचमध्ये विचारायचा, आता बाई काय करतील? उत्तरही फ्रेंचमध्येच हवं. मोडकं चालेल, चुकलेलं चालेल. आमच्या घरातल्या टेबलावर हे सगळं मला रोज ऐकावं लागायचं, कारण माझी मुलगी ईशा त्याच वर्गात होती. पहिल्याच आठवड्यात तिनं सवयीनं भर वर्गात हाक मारली, "काका!" शिरीषनं डोक्याला हात लावला. फ्रेंचमध्ये 'काका' म्हणजे तान्ह्या मुलाची शी. पोरांना हे डिक्शनरीत सापडायला एक दिवसही लागला नाही, आणि पुढचं वर्षभर कॉरिडॉरमधून सोमाली, रुमानियन, गुजराती, इंग्लिश, सगळी पोरं त्याला आनंदानं "बोंजूर, काका!" म्हणत राहिली. दुसरा कुणी चिडला असता. हा म्हणायचा, "तीस पोरांनी एक फ्रेंच शब्द स्वतःहून शोधला बे. अजून काय पाहिजे!"

पण शाळा बदलत होती. नवे हेडटीचर आले. वर्गावर्गातून न सांगता फिरायचं, मागं उभं राहून क्लिपबोर्डवर टिपणं काढायची, अशी पद्धत सुरू झाली. एक दिवस असंच कुणीतरी शिरीषच्या वर्गात शिरलं. सिनेमा थांबवलेला होता. एक रुमानियन मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, तिला त्यानं विचारलं होतं, आता बाई काय करतील? ती विचार करत होती आणि तो वाट पाहत होता. वर्ग गप्प. क्लिपबोर्डवाला मनुष्य दोन मिनिटं थांबला आणि निघून गेला. तो गेल्यावर मुलगी बोलली. तीन शब्द. अहवालात आलं, 'विद्यार्थी निष्क्रिय, वेग कमी, शिकण्याचा वेळ वाया.' शिरीष हे हसत हसत सांगत होता आणि मला मात्र त्याचाच राग येत होता. मी म्हटलं, "अरे, कुणी बघायला आलंय हे दिसतंय ना? मग पटकन दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. एखादं वर्कशीट द्यायचं. तुला स्वतःला सांभाळता का येत नाही?" त्यावर त्यानं खांदे उडवले. "तिचं तोंड उघडणार होतं ना बापा. मी मध्येच दार कसं लावू?"

याच सुमाराला मी त्या शाळेत पेरेंट गव्हर्नर झालो. इथल्या शाळांच्या कारभारावर देखरेख करायला एक मंडळ असतं, त्यात एक-दोघं पालकांतून निवडून येतात. मी का उभा राहिलो? समाजकार्य वगैरे सांगतो लोकांना. खरं म्हणजे सीव्हीवर बरं दिसतं. शिरीषला केवढा आनंद झाला होता! "आपला माणूस आत पाहिजेच," म्हणाला.

दुसऱ्याच वर्षी मीटिंगच्या आधी ईमेलनं एक कागद आला. फ्रेंच टप्प्याटप्प्यानं बंद करावं, असा हेडचा प्रस्ताव. विषय निवडणारी मुलं कमी झाली आहेत, स्पॅनिश ठेवू, त्या वेळात कम्प्युटर सायन्सचे जादा तास देऊ. कागदावर 'गोपनीय' लिहिलेलं होतं. तो कागद आला बुधवारी आणि रविवारी आम्ही शिरीषकडे जेवायला गेलो. त्यानं स्वतः पुडाची वडी केली होती. कोथिंबीर निवडण्यात सकाळ गेली म्हणत होता. तो समोर बसून पुढच्या वर्षीचे बेत सांगत राहिला. मुलांना चार दिवस फ्रान्सला न्यायचं, तिथल्या एका शाळेशी पत्रव्यवहार झालाय, तिथल्या पोरांनाही हाच सिनेमा दाखवायचा आणि हाच प्रश्न विचारायचा, मग दोन्हीकडची उत्तरं जुळवायची. मी मान डोलवत होतो. चार वड्या खाल्ल्या. नियम म्हणजे नियम, गोपनीय म्हणजे गोपनीय, असं स्वतःला बजावत पाचवी उचलली.

मीटिंगच्या सुरुवातीला चेअरमननी नेहमीप्रमाणे विचारलं, आजच्या विषयांत कुणाचे काही हितसंबंध? हा प्रश्न दर वेळी विचारतात आणि दर वेळी सगळे माना हलवतात. मीही हलवली. मित्र असणं म्हणजे हितसंबंध थोडेच? मी बोललो असतो तर फार तर त्या विषयापुरतं मला बाहेर बसवलं असतं. बाहेर एक निळा सोफा होता. तिथं दहा मिनिटं बसलो असतो, एवढंच... प्रस्ताव मांडून झाला. चेअरमन म्हणाले, अनुमोदन? कुणीच बोललं नाही. सगळे आपापल्या कागदांत बघत होते. रेडिएटरचा आवाज येत होता. आणि मी म्हणालो, "सेकंडेड."

फ्रेंच बंद होणार, हे शिरीषला दुसऱ्या दिवशी हेडच्या ऑफिसमध्ये समजलं. शाळेनं त्याला काढलं नाही. ते बरं झालं असतं. त्याला टाइमटेबलच्या भोकांत भरायला ठेवलं. आज कुणाच्या जागी भूगोल, उद्या वर्गातून बाहेर काढलेल्या पोरांच्या खोलीत नुसती राखण. ज्या खोलीत बोलायचंच नाही अशी खोली! वर्षभर काढलं आणि मग त्यानं स्वतःच राजीनामा दिला, एजन्सीत नाव घातलं. दर सकाळी फोनची वाट बघायची, आज हॅरो, उद्या वॉटफर्ड. सुषमा म्हणायची, घरी बस, गरज नाही. तो म्हणायचा, "घरी कोणाला विचारू? कुंड्यांना?"

आणि या सगळ्यात रविवार चालूच होते. तो तसाच यायचा, तसाच जेवायचा, ईशाची चौकशी करायचा. मी दर रविवारी ठरवायचो, आज सांगायचं. त्याला माहीत नाही याची मला जवळपास खात्री होती, कारण माहीत असतं तर माणूस असा जेवला असता का? एकदाच मी तोंड उघडलं. बेसिंगस्टोकला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याचा तो सिनेमा दाखवायचं ठरलं होतं, आम्ही दोघं माझ्या गाडीतून निघालो होतो. मोटरवेवर मी म्हणालो, "शिरीष, ती फ्रेंच बंद करायची मीटिंग झाली ना, तेव्हा मी..." तो एकदम म्हणाला, "अरे, जंक्शन गेलं ना आपलं!" खरंच गेलं होतं, मोटरवेवरून उतरायचा फाटा मागं पडला होता. मग पुढचं जंक्शन, राउंडअबाउट, परत मागं, आम्हाला उशीर झाला, आणि मी पुन्हा विषय काढला नाही. मला हायसं वाटलं, हेही इथं लिहून टाकतो.

तिथला हॉल बरा भरला होता. सिनेमा सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली तोवर मागच्या रांगांत फोन चमकायला लागले. कुणीतरी विचारलं, हिंदीत डब केलेला नाही का? एक आयटीवाला तरुण म्हणाला, "सर, मेन स्टोरी कधी सुरू होणार?" पावभाजीचा वास यायला लागला तशा खुर्च्या सरकू लागल्या. शिरीषनं स्वतःच उठून सिनेमा बंद केला. "चला, जेवून घेऊ. गार होईल." परत येताना तो मंडळाच्या पावभाजीचं कौतुक करत होता. मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणालो, "तुला राग कसा येत नाही रे?" त्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "येतो ना. पण रागावलेल्या मास्तरचं कोणी ऐकून नाही राहत." त्यानंतर पाच महिन्यांनी तो गेला.

क्रिमेटोरियममधून परत येताना ईशा माझ्या गाडीत होती. तिला पुढं फ्रेंचच घ्यायचं होतं. शाळेत उरलं नाही म्हणून इकॉनॉमिक्स घेतलं. घरासमोर गाडी थांबली तरी ती उतरेना. म्हणाली, "बाबा, ती डिसिजन झाला तेव्हा तू तिथे होता ना? तू काय बोलला?" तिचं मराठी असंच आहे, लिंगं आणि क्रियापदं कुठंही जातात. एरवी मी सुधारतो. त्या दिवशी सुधारलं नाही. "इट्स कॉम्प्लिकेटेड," म्हणालो. ती उतरून दार आपटून आत गेली.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी एकटाच सुषमाकडे गेलो. ती स्वयंपाकघरात त्याचे कपडे चॅरिटी शॉपसाठी पिशव्यांत भरत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सुषमा, एक सांगायचंय. फ्रेंच बंद करायच्या ठरावाला अनुमोदन..."

"तू दिलंस," ती म्हणाली. हातातल्या शर्टाची घडी तिनं पुरी केली. "मीटिंगची मिनिट्स शाळेच्या वेबसाइटवर असतात, हेमंत. कुणीही वाचू शकतं."

"त्याला माहीत होतं?"

"मीच वाचून दाखवलं. इथंच. तो कणीक मळत होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्याला विचारू नकोस. सांगायचं असेल तेव्हा सांगेल. दोन वर्षं मी नाही विचारलं. दर रविवारी तुला वाढलं आणि नाही विचारलं." तिनं शर्ट पिशवीत ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "आता मी विचारते. का?"

मी बोलायला सुरुवात केली. मुलांची संख्या, शाळेची अडचण, नियम, तटस्थपणा... ती काहीच म्हणाली नाही. मी थांबलो, तरी ती काही म्हणाली नाही. उभी राहिली, माझ्याकडे बघत. ईशाला कम्प्युटर सायन्सचा फायदा झाला असता, असंही मी म्हणून गेलो, आणि तेही खरं नाही हे म्हणताना मलाच कळलं. शेवटी माझ्याजवळचं सगळं संपलं. मी म्हणालो, "कुणी बोलत नव्हतं, सुषमा. चेअरमननी विचारलं आणि सगळे गप्प होते. मला ती शांतता सहन झाली नाही. म्हणून बोललो."

"एवढंच?"

"एवढंच."

ती खुर्चीत बसली. "मी काय काय कारणं रचली होती," म्हणाली. "तुला त्याचा हेवा वाटतो. ईशा त्याचं जास्त ऐकते म्हणून. हेडनं तुला काही कबूल केलं असेल. निदान काही मोठं तरी असायचं रे..." मग घड्याळाकडे पाहून उठली. तिला हॉस्पिटलला जायचं होतं. दारापर्यंत आली, पण "ये पुन्हा" म्हणाली नाही.

मी घरी आलो. आधी ईशाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपल्या खोलीत निघून गेली. अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलते. मग मी शाळेच्या मंडळाची मिनिट्स लिहिणाऱ्या क्लार्कबाईंना ईमेल लिहिलं, की दोन वर्षांपूर्वीच्या मिनिट्समध्ये दुरुस्ती हवी आहे, मी हितसंबंध जाहीर करायला हवे होते. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. एकदा मंजूर झालेली मिनिट्स बदलता येत नाहीत. पुढच्या बैठकीत तोंडी सांगता येईल, त्याची नोंद होईल. निर्णयावर मात्र काही परिणाम होणार नाही. होणार नाही हे मलाही ठाऊक होतं. फ्रेंचच्या खोलीत आता कम्प्युटर आहेत.

गेल्या महिन्यात ती बैठक झाली. चेअरमननी पहिलाच विषय घेतला, कुणाचे काही हितसंबंध? सगळ्यांच्या माना हलायला लागल्या आणि मी हात वर केला. दोन वर्षांपूर्वीच्या ठरावाचा उल्लेख करून म्हणालो की ज्या शिक्षकाचा विषय तेव्हा आपण बंद केला, तो माझा जवळचा मित्र होता आणि हे मी त्या वेळी सांगितलं नव्हतं. हेडनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. चेअरमन खाकरले. क्लार्कबाई टाइप करत होत्या. त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मित्राचं नाव जरा अक्षर अक्षर सांगाल का?"

मी सांगितलं. एकेक अक्षर, सावकाश. पहिलं नाव, मग आडनाव. त्या खोलीत तेवढा वेळ दुसरं कुणीच बोललं नाही, आणि मी मुळीच घाई केली नाही.

मिनिट्स वेबसाइटवर आली तशी ती लिंक मी सुषमाला पाठवली. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी, दुपारी, तिचा मेसेज आला.

"वाचलं. स्पेलिंग बरोबर आहे."